नथवाली काय म्हणेल?

आमच्या घरात संध्याकाळी आठ वाजता कोणाचा जीव जात असला तरी त्याला साडेआठपर्यंत कळ काढावी लागेल, असं मी शेजारच्या काकीला म्हणायचे. माझी सासू आतून ओरडायची, "जाहिरात लागली काय जाऊक सांगा तेका!" आणि रिमोट पदराला पुसून टीव्ही लावायची.

मी तिला आये म्हणते. मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. घरात आम्ही दोघीच. माझा नवरा, आयेचा एकुलता एक मुलगा, एका पावसाळ्यात तापाने गेला. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर माझ्या माहेरची माणसं मला न्यायला आली तेव्हा आये उंबऱ्यात आडवी उभी राहिली. म्हणाली, "ही खंय जाणार नाय. झील गेलो, आता चेडू पण नेतास?" माहेरची माणसं चहा न घेता परत गेली. त्या दिवसापासून ती माझी आई आणि मी तिची चेडू, म्हणजे मुलगी. मी काजूच्या कारखान्यात काजूगर निवडायला जाते, ती घर आणि परसू बघते, आणि आठ वाजता आम्ही दोघी तिच्या मुलाच्या फोटोखाली ठेवलेल्या टीव्हीसमोर बसतो.

बसतो म्हणजे मी बसते. आये भांडते. भाकऱ्या सातलाच थापून, सार उतरवून, हातपाय धुऊन ती पाटावर बसकण मारते. खुर्ची तिला चालत नाही, खुर्चीत बसलं की हातवारे नीट करता येत नाहीत म्हणे. पडद्यावर कोणी दाराआड लपलं की ही इकडून, "गो, पाटीमागे बघ! उबी आसा ती थय!" कोणी दुधात काहीतरी कालवलं की, "पिऊ नको गो ता!" आणि ती बाई दूध पिऊन मोकळी झाली की आये माझ्याकडे वळून हताशपणे म्हणणार, "पियाली. सांगलेला आयकाक नाय."

पण तिचा खरा वैरी पडद्यावर नसतोच. तिचा वैरी म्हणजे लिहिणारा. "ह्यो लिवणारो खंय गावलो तर माका दाखव," ती म्हणते. "तेका म्हयनोभर आमच्याकडे ठेव. सकाळी विहिरीचा पाणी काढूक लाव, लाकडा फोडूक लाव, मगे लिव म्हणा. एवढ्या मोठ्या घरात कोण बांगडो हाडणा नाय, कोण वाटाप वाटणा नाय. कामाशिवाय ऱ्हवलेली माणसा, ती भांडतली नायत तर काय करतली?" गोष्ट मनासारखी गेली नाही की ती जाहिरातीत स्वतःची गोष्ट सांगते. तिची गोष्ट बहुतेक वेळा लिहिणाऱ्यापेक्षा बरी असते, हे मी देवाशपथ सांगते.

गेल्या दिवाळीनंतर आठची नवीन सीरियल सुरू झाली. एक तरुण मुलगी, नवरा अपघातात गेलेला, सासरीच राहणारी. तिची सासू नाकात तळहाताएवढी नथ घालून झोपायचीसुद्धा, म्हणून आयेने तिचं नाव नथवाली ठेवलं. आणि एक चष्मा लावणारा भला माणूस, त्याला त्या मुलीशी लग्न करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात मी सावरून बसले. कारण नेमक्या त्याच दिवसांत माझ्याही आयुष्यात एक माणूस आला होता, आणि तो आमच्याच टीव्हीच्या वाटेने आला होता.

तो डिश बसवायचा. मसुऱ्यात त्याचं लहानसं दुकान: रिचार्ज, डिशची जोडणी, मिक्सर-पंख्यांची दुरुस्ती. मूळचा देवगडचा. म्हातारी आई तिकडे एकटी, म्हणून येत्या चैत्रात दुकान तिकडेच हलवायचं त्याच्या मनात होतं. आमची डिश त्यानेच बसवली. त्या दिवशी वायरीसाठी भिंतीला भोक पाडण्याआधी त्याने इकडेतिकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या नवऱ्याच्या फोटोवर अलगद टाकला, धूळ बसू नये म्हणून. काम झाल्यावर टॉवेल काढला आणि काच पुसली. एवढंच. पण मी चुलीकडून ते बघितलं आणि माझं कामात लक्ष लागेना.

पुढे एकदा रिचार्ज करायला दुकानात गेले तेव्हा त्याने काउंटरवरचा स्क्रू उगाच इकडून तिकडे सरकवत विचारलं, "एक सांगू? राग मानूचो नाय. माका तुमच्याशी लगीन करूचा आसा. घराकडे विचारा. आये नको म्हणाली तर मी परत ह्यो विषय काढूचंय नाय." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, पिशवी तिथेच विसरून घरी आले. वाटेत कोण भेटलं, मी काय बोलले, काही आठवत नाही. फक्त एवढं कळत होतं की मला हो म्हणायचंय. फार हो म्हणायचंय!

पण विचारू कशी? जी बाई माझ्यासाठी उंबऱ्यात आडवी उभी राहिली तिला सांगायचं, की तुझ्या मुलाच्या घरातून मी आता देवगडला जाते आणि तू एकटी राहा? भाकरी वाढताना, कपडे वाळत घालताना, सगळीकडे शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मी भलतंच काहीतरी बोलायचे, "आये, मीठ संपत इला."

मग माझ्या डोक्यात आलं, सीरियल आयतीच समोर आहे. त्या मुलीच्या लग्नाबद्दल आये जे म्हणेल तेच माझं उत्तर. मी ठरवून टाकलं. तेव्हापासून आठ वाजले की माझी नजर टीव्हीवर नसायची, आयेच्या तोंडावर असायची.

सुरुवात वाईट झाली. चष्मेवाला त्या मुलीच्या घरी पेढे घेऊन आला, तर आये कडाडली, "ह्यो कोण मेलो? तिच्या घराकडे कित्याक घुटमळता?" लगेच नथवाली म्हणाली, या घरची सून या घरातच राहील. ढगांचा गडगडाट, तिचा चेहरा एकदा, दोनदा, तीनदा. आयेने मान डोलावली. "बरोबर बोलली." मी उठून चुलीकडे गेले आणि दूध उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात नथवालीने मुलीचा फोन काढून घेतला आणि तिला माडीवर कोंडलं. झालं! आयेचं सगळं रक्त उलटं फिरलं. पाटावरून अर्धी उठून ती पडद्यावर बोट रोखून ओरडली, "गो नथवाले! चेडवाक कोंडतंस? सून आसा ती तुजी, गोठ्यातली म्हस नाय!" शेजारची काकी रोज आमच्याकडेच बघायला यायची, ती म्हणाली, "कोंडीत नाय तर काय करीत? लोक काय म्हणतले?" आये म्हणाली, "लोक सीरियल बघतत. तेंका बोलाक सवड खंय आसा?" मला इतका आनंद झाला की काकीच्या हातावर मी दोन लाडू ठेवले. तिला वाटलं आमच्याकडे काहीतरी कार्य आहे.

असे दिवस गेले. आज आये मुलीच्या बाजूने, उद्या नथवालीच्या. आज मी हवेत, उद्या जमिनीवर. कारखान्यात काजूगर निवडताना आख्खे कुठे आणि तुकडे कुठे टाकतेय याचं भान नसायचं, मुकादमीण ओरडायची. संध्याकाळी मी धावतच घरी यायचे. बायका म्हणायच्या, हिला सीरियलीचं वेड लागलं. लागलंच होतं.

एकदा जाहिरात लागलेली बघून मी धीर केला. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आये, ती लगीन करून गेली तर नथवालीन काय करूचा? एकटी पडतली ती."

पडद्यावर कुठल्यातरी साबणाची बाई नाचत होती. तिच्याकडे बघतच आये म्हणाली, "नथवालीक काय होता? तिच्याकडे गडीमाणसा आसत."

म्हणजे तिला आहेत. आयेला नाहीत. मी तसाच अर्थ लावला आणि त्या आठवड्यात दुकानाकडे फिरकले नाही.

आणि नेमकी त्याच सुमाराला आमची डिश बिघडायला लागली.

वारा नाही, पाऊस नाही, आकाश कसं स्वच्छ, आणि पडद्यावर नुसती 'सिग्नल नाही' अशी पाटी. डिश पडवीच्या पत्र्यालगत लोखंडी नळीवर होती, ती बघितली तर भलतीकडेच तोंड करून बसलेली. आयेने दुकानात फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी आला, शिडी लावली, वर चढला. आये मला म्हणाली, "शिडी धर गो, पडात तो." मी शिडी धरली. वर तो, खाली मी, आणि दोघांच्या मध्ये डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली आये.

आये सुटली. "काय रे, तू आठची सीरियल बघतंस?"

"बघतंय कधी कधी."

"मगे सांग. चष्मेवाल्यान काय करूचा? नथवाली तर हलणा नाय."

वरून पान्याचा आवाज थांबला. मी शिडी आणखी घट्ट धरली. तो म्हणाला, "तेना वाट बघूची. नथवालीक दुखवन चेडवाक न्हेलान तर ती चेडू थय जावन सुखी होवची नाय."

"हूं," आये म्हणाली. "लिवणाऱ्यापेक्षा तुका जास्त कळता." आणि मला म्हणाली, "चाय टाक. आणि खोबऱ्याच्या वड्ये हाड."

पुढच्या आठवड्यात डिश परत फिरली. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी आये म्हणायची, "वारो इललो दुपारचो." प्रत्येक वेळी तो यायचा, मी शिडी धरायचे, चहा व्हायचा, आणि मध्येच आयेला परसातलं काहीतरी आठवायचं आणि ती बराच वेळ परत यायची नाही. तेवढ्यात आम्ही चार शब्द बोलून घ्यायचो. मी त्याला सांगितलं की मी अजून विचारलेलं नाही. तो म्हणाला, "घाई नाय." पण चैत्र जवळ येत होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

मला दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे आंबे काढायची लांब काठी. आंब्याला नुकता मोहोर धरत होता, आणि ती माळ्यावरची काठी पडवीच्या कोपऱ्यात टेकून उभी. दुसरी म्हणजे आयेचा शांतपणा. डिश बिघडली की त्या दिवशीचा भाग चुकायचा. जी बाई गाय व्यायला लागली तेव्हासुद्धा "जाहिरात लागाने" म्हणून दार न सोडता दोन्हीकडे बघत उभी राहिली होती, ती बाई त्या पाटीसमोर मुकाट तांदूळ निवडत बसायची. काकीकडे जाऊन बघ म्हटलं तर म्हणायची, "तिच्या घरात माका तोंड आवरूचा लागता." मला वाटलं, आये थकली. मी विचारायचं आणखी पुढे ढकललं.

मग तो शनिवार आला. सीरियलीतली मुलगी शेवटी धीर करून नथवालीसमोर उभी राहिली. म्हणाली, आई, मला लग्न करायचंय, पण तुमच्या परवानगीशिवाय नाही. आये पाटावर पुढे सरकत सरकत जवळजवळ टीव्हीला टेकली. नथवालीने मान वर केली. डोळे मोठे केले. ओठ उघडले. गडगडाट. आणि पाटी आली: सोमवारी.

"सोमवारी?" आये किंचाळली. "आता काय तोंड उघडा ठेवन दोन दीस बसतली ती?"

काकी म्हणाली, "नाय म्हणतली बघ."

"हो म्हणतली."

"नाय."

दोघींची अशी जुंपली की काकी चप्पल न घालता घरी गेली. आये जेवली नाही नीट. मीही. मी विचार करत होते, की सोमवारी नथवाली काय ते बोलेल, आये त्यावर काय ते बोलेल, आणि मी मंगळवारी दुकानात जाऊन काय ते सांगेन. आता यापुढे ओढायचं नाही.

रविवारी सकाळी आये नवी नऊवारी नेसून तयार. हातात नारळ. हळदकुंकवाचं तबक माझ्याकडे देऊन म्हणाली, "चल देवळात. कौल लावया."

आमच्याकडे कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार. घर बांधायचं, गाय घ्यायची, कोणाला मुंबईला धाडायचं, सगळं विचारतात. पण सीरियलीसाठी? मी म्हटलं, "आये, लोक हसतले." ती म्हणाली, "हसाने. माका सोमवारपर्यंत दम नाय."

काकी आधीच देवळात हजर होती, आपलं खरं होतंय का बघायला. दोनचार म्हातारे खांबाला टेकून गप्पागजाली करत होते. आयेने नारळ पुढे ठेवला आणि सरळ सांगितलं, "गुरवानू, आठच्या सीरियलीतल्या चेडवाचा विचारूचा आसा. सासू हो म्हणतली काय नाय?"

म्हातारे ताठ बसले. गुरव हसला नाही. तो डोकं खाजवत म्हणाला, "तसा माका विचारशात तर सासू हो म्हणाची नाय. हो म्हणाली तर सीरियल संपतली. पण कौल लावक येवचो नाय. देवाची हद्द आपल्या शिवेपर्यंत. ती चेडू मुंबैची. तिचा तिच्या गावच्या देवाक विचारूचा लागतला."

काकी खुदकन हसली. मला हायसं वाटलं, चला, आता घरी. पण आये हलली नाही. तिने नारळ परत उचलला, हातात फिरवला आणि पुन्हा खाली ठेवला.

"बरा तर," ती म्हणाली. "शिवेतला विचारतंय. आमच्या घरात एक चेडू आसा. तिका एक मागणा इला हा. माका कोणी सांगूक नाय. पण माका डोळे आसत. तिचा विचारा."

मी आयेकडे बघितलं, ती देवाकडे बघत होती. गुरवाने माझ्याकडे एकदा बघितलं, पाकळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हातारे म्हणाले.

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे इली हत. ह्या घरात एक दिवो इजलो, आता दुसरो लागाचो आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चेडवाच्या मनात जा आसा, ता बऱ्यान पार पडाचा आसात तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माझा मलाच ऐकू आला आणि कानशिलं तापली.

पाकळी हलली. घसरली. डावीकडे पडली.

आणि आये! टीव्हीसमोर पाटावर उठते तशीच ती उठली. "असो कसो डावो? असो कसो? परत लाव!"

"तसा करूक येणा नाय," गुरव म्हणाला. "डावो म्हणजे नकोच असा नाय. कायतरी चुकला-माकला आसतला. चूक कबूल करूची, माफी मागाची, मगे परत विचारूचा."

आये पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता माझी चूक विचारतील, मी लपवलं ते. पण आयेच बोलली, आणि इतक्या हळू की म्हाताऱ्यांनी माना पुढे केल्या.

"चूक माजी. डिश मीच फिरवी."

"काय?" गुरव म्हणाला.

"आंबे काढूच्या काठयेन. वारो इलो म्हणान खोटाच सांगी. तो घराकडे येवक व्हयो, ह्या दोघांका वायच बोलाक गावाक व्हया. ही तोंड उघडणा नाय, तो शिडयेवरसून उतरणा नाय. मगे मी काय करू? बसान बघू?"

काकीचा हात तोंडावर गेला. "म्हणजे गो," ती म्हणाली, "तू भाग सोडलंस?"

"सोडलंय."

"माडयेवर कोंडलान, तेच्या फुडचो?"

"तो पण."

काकी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या तर वाहतच होतं. दुसऱ्या कोणाला हसू येईल. पण आम्हा दोघींना माहीत होतं आयेने काय सोडलं ते. मी तिला तिथेच, देवासमोर, तबकासकट मिठी मारली. कुंकू तिच्या नव्या नऊवारीवर सांडलं आणि ती ओरडली, "गो, रडतंस कित्याक? कपाळाक लाव ता!"

गुरवाने माफीचं गाऱ्हाणं घातलं आणि दुसरी पाकळी लावली. आम्ही सगळे बघत राहिलो. ती हलेना. म्हाताऱ्यांनी तंबाखू मळली, खाल्ली. पाकळी तशीच चिकटून. शेवटी आये म्हणाली, "पडात तेवा पडात. गुरवानू, तुमी नजर ठेवा," आणि देवळाच्या पायरीवर येऊन तिने फोन लावला.

"हां, मी बोलतंय. डिश बिघडली हा. उद्या आठाच्या आधी ये... नाय रे, वारो नाय. आता जावन बिघडवतंय."

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, खांद्याला हत्यारांची पिशवी. डिश जागच्या जागी होती. आयेने त्याला खुर्चीत बसवलं, मला पाटाशेजारी, काकी दारात. आठ वाजले. नथवाली तोंड उघडून उभी होती तशीच होती. गडगडाट. एकदा, दोनदा, तीनदा. मी त्याच्याकडे बघत नव्हते, तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि नथवाली बोलणार इतक्यात ती मुलगी अंथरुणात दचकून उठून बसली. सगळं स्वप्न होतं.

आयेने अशी हाक दिली की गोठ्यातली गाय हंबरली. मग तिने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. आठ वाजून गेलेत, सीरियल चालू आहे, आणि आमच्या घरात टीव्ही बंद. काकी उंबऱ्यावरच बसली.

"लिवणाऱ्याचो नाद सोडा," आये त्याला म्हणाली. "तुमचा काय ता बोला. देवगडाक आवशीक सांगलंस?"

"सांगलंय. ती वाट बघता."

"मगे झाला."

"आये," मी म्हटलं, "तुजा काय? तू एकटी..."

"माका सीरियल आसा," ती म्हणाली. पण तिचा आवाज रोजचा नव्हता, आणि ती माझ्याकडे न बघता वर फोटोकडे बघत होती. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

पाकळीचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी गुरव सांगत आला, उजवीकडे पडली. काकी म्हणते, त्याने आधी केर काढला आणि मग बघितलं. आयेने चौकशीसुद्धा केली नाही. चैत्रात आमचं लग्न झालं, त्याच देवळात.

आता मी देवगडला असते. आठ वाजले की आयेचा फोन येतो, मी तो स्पीकरवर टाकून टीव्हीजवळ ठेवते, आणि तिकडून तिचा नि इकडून माझ्या नव्या सासूचा असा काही आवाज लागतो की शेजारी आपला टीव्ही बंद करून आमचंच ऐकतात. नवी सासू नथवालीच्या बाजूची आहे. दोघी एकमेकींना फोनवरून खडसावतात आणि सणाला एकमेकींना लाडू धाडतात. ती मुलगी अजून स्वप्नातून बाहेर आलेली नाही.

परवा मात्र आठ वाजता फोन आला तो सीरियलीसाठी नव्हता. आये म्हणाली, "डिश बिघडली हा गो. मोठो वारो इललो. दोघाय येवा." मी खिडकीतून बाहेर बघितलं, माडाचं एक पान हलत नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने लगेच गाडीची किल्ली उचलली, चप्पल घातली आणि दारात माझी वाट बघत उभा राहिला. हत्यारांची पिशवी त्याने खुंटीवरच राहू दिली.